तोच प्रश्न पुन्हा आला की: नवशिक्या प्रोग्रामरना मदत करणाऱ्यांसाठी

जुलैत पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी गणपतीच्या सुट्टीआधी एक सबमिशन असतं. या मधल्या दिवसांत कुडाळ असो, देवगड असो की राजापूर, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांच्या मदत-ग्रुपवर ठरलेले प्रश्न येऊन पडतात. ‘दादा, एरर येता, काय करू?’ ‘ताई, आउटपुट चुकीचं येतंय.’ उत्तर देणारे मोजकेच असतात: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली दोन-तीन मुलं, एखादा लॅब असिस्टंट, पुण्या-मुंबईत नोकरी करणारा माजी विद्यार्थी. काही दिवसांत ते कंटाळतात आणि उत्तरं आखडतात. ‘वर बघ, आधी सांगितलंय.’ ‘गूगल कर.’ नाहीतर पूर्ण चालणारा कोड पाठवून मोकळं होतात. पहिल्या दोन उत्तरांनी मूल विचारायचं थांबतं, तिसऱ्याने शिकायचं थांबतं. प्रश्न मात्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडून येतोच.

ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार असलीच पाहिजेत. पण तयार उत्तर पाठवायचं ते समोरच्याचा कोड पाहून झाल्यावर. बहुतेकांचं इथेच चुकतं: तयारी काहीच नसते, आणि प्रश्न ओळखीचा वाटला की कोड न बघताच उत्तर जातं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने कराव्यात.

पायरी १: हंगामाआधी उत्तरं लिहून ठेवा

हे काम मे-जूनमध्ये उरकायचं. गेल्या वर्षीचे मेसेज वरपासून खाली वाचा आणि प्रश्न एका वहीत उतरवा. उतरवताना मुलांचे शब्द जसेच्या तसे घ्या, कारण पुढची मुलंही त्याच शब्दांत विचारणार आहेत. मग त्यांचे गट पाडा, पण शब्दांवरून नको, कारणावरून.

कारणावरून का, ते एका उदाहरणात दिसेल. आंब्याच्या बिलाचा साधा पायथन प्रोग्राम घ्या. मुलीने डझन आणि दर, दोन्ही इनपुटने (म्हणजे वापरणाऱ्याकडून टाइप करून) घेतले आणि गुणाकार केला. पायथनने टाइप-एरर, म्हणजे माहितीचा प्रकार चुकल्याचा एरर, दिला. शेजारच्या मुलाने पेटीचा दर ८०० आणि हमाली ५० घेऊन बेरीज केली. त्याला एरर आला नाही, उत्तर आलं ८००५०. ती विचारते ‘एरर का येतोय’, तो विचारतो ‘बेरीज चुकतेय’. कारण दोघांचं एकच: इनपुट नेहमी मजकूर देतं, संख्या हवी असेल तर तो इंटने (मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या फंक्शनने) बदलून घ्यावा लागतो. हे दोन प्रश्न तुमच्या वहीत एकाच पानावर हवेत.

उलटही घडतं. ‘फॅक्टोरियल चुकीचं येतंय’ हा सी भाषेतला हमखास प्रश्न. फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये (कोड मशिनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये) इंट, म्हणजे पूर्ण संख्येचा प्रकार, १६ बिटांचा असतो, त्याची मर्यादा ३२७६७. त्यामुळे ७ चं फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतं आणि ८ चं ४०३२० यायच्या ऐवजी उणे २५२१६ येतं. जीसीसी या आजच्या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा, तिथे १२ पर्यंत सगळं ठीक आणि १३ ला आकडा बिघडतो. तोही उणे न येता १९३२०५३५०४ असा अधिक येतो, म्हणून चूक पटकन लक्षातही येत नाही. आणि एखाद्या मुलाने गुणाकाराची सुरुवात शून्यापासून केलेली असते, त्याचं उत्तर सगळीकडे शून्यच येतं. वाक्य तिघांचं तेच, उत्तरं मात्र वेगळी.

आमच्या भागात वारंवार येणारी, आणि म्हणून आधी लिहायची काही कारणं अशी:

- विंडोजवर पायथन इन्स्टॉल केलं पण पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याची खूण करायची राहिली. कमांड दिली की पायथन सापडत नाही, किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे बोट दाखवलं जातं.
- मोबाइलवर कोड लिहिताना कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं. प्रिंटचं पहिलं अक्षर कॅपिटल झालं की पायथनला ते नाव ओळखता येत नाही.
- वर्ड फाइलमधून किंवा मेसेजमधून कोड उचलला आणि सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं आली.
- मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि कोडमध्ये देवनागरी ५ गेला.
- सीमध्ये इनपुट वाचणाऱ्या स्कॅन-एफमध्ये अँड चिन्ह (&) राहिलं. किंवा संख्या वाचल्यावर लगेच एक अक्षर वाचायला गेलं आणि अक्षराच्या जागी मागे राहिलेला एंटर वाचला गेला.
- जावामध्ये दोन स्ट्रिंग दुहेरी बरोबरने ताडून पाहिल्या. इक्वल्स वापरायचं असतं.
- जावामध्येच पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव वेगळं ठेवलं.
- डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत नल, म्हणजे न भरलेली नोंद, शोधताना बरोबरचं चिन्ह वापरलं. तिथे इज नल लागतं.
- वेबपेजवरचा फोटो आपल्या विंडोजवर दिसतो, सर्व्हरवर चढवल्यावर दिसत नाही. फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक असतो. विंडोज तो चालवून घेतं, लिनक्स घेत नाही.

प्रत्येक कारणाचं एक पान. पानावर सगळ्यात वर मुलांच्या शब्दांतला प्रश्न, खाली एररची ओळ अक्षरशः. मग कारण दोन वाक्यांत, चुकणारा कोड चार-पाच ओळींत आणि त्याच्याखाली दुरुस्त केलेला. शेवटी दोन ओळी हव्यातच, आणि त्याच बहुतेक जण गाळतात: ‘तुझंही हेच आहे का, ते असं तपास’ आणि ‘हे नसेल तर अमुक पान बघ’. या दोन ओळी नसतील तर तयार उत्तर चुकीच्या माणसाला जातं आणि तो तासभर भलतीकडे शोधत बसतो.

व्हिडिओच्या फंदात पडू नका. पावसात रेंज जाते, वीज जाते, आणि गावात घरापासून थोडं चढणीला गेल्याशिवाय डेटा चालत नाही अशी मुलं बरीच आहेत. साध्या मजकुराचं पान त्यांच्याकडे उघडतं. सगळी पानं एका गूगल डॉकमध्ये ठेवा, त्याची लिंक ग्रुपच्या माहितीत घाला, आणि एक हलकी पीडीएफ एकदाच पाठवून ठेवा म्हणजे रेंज नसतानाही हाताशी राहील.

> तपासणी: पानावरचा प्रत्येक कोड लॅबच्या मशिनवर चालवून पाहिला का? तुमच्या लॅपटॉपवर चालतो हे पुरेसं नाही.

पायरी २: तोच प्रश्न आहे का, हे आधी ठरवा

प्रश्न आला. ओळखीचा वाटला. लिंक टाकायला बोट शिवशिवतं. इथे थांबायचं आणि कोड वाचायचा.

‘मॉड्यूल सापडत नाही’ हा एरर घ्या. मॉड्यूल म्हणजे आधीच लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करून वापरायचा कोड. मॉड्यूल इन्स्टॉल केलेलंच नसेल, हे पहिलं कारण, आणि सगळे तेवढंच सांगतात. पण मशिनवर दोन पायथन असतील तर पिपने (मॉड्यूल इन्स्टॉल करणाऱ्या कमांडने) एकात टाकलेलं असतं आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालत असतो. काही मॉड्यूलची इन्स्टॉल करायची आणि इम्पोर्ट करायची नावं वेगळी असतात: सायकिट-लर्न इन्स्टॉल करायचं आणि एसकेलर्न इम्पोर्ट करायचं, पिलो इन्स्टॉल करायचं आणि पीआयएल इम्पोर्ट करायचं. स्पेलिंग किंवा कॅपिटल अक्षर चुकलेलं असतं. आणि कधी मुलाने स्वतःच्याच फाइलला मॅटप्लॉटलिब असं नाव दिलेलं असतं, मग पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी ती फाइल उघडतं. ही शेवटची चूक हमखास होते, कारण मुलं फाइलला प्रॅक्टिकलच्या विषयाचंच नाव देतात. अशा मुलाला ‘पिपने इन्स्टॉल कर’ म्हटलं तर तो तीन वेळा इन्स्टॉल करेल आणि एरर तिथेच राहील.

> सावधान: एररचं नाव सारखं म्हणजे कारण सारखं, असं धरून उत्तर देऊ नका. ओळ कितवी, त्या ओळीवर काय लिहिलंय, एवढं तरी वाचल्याशिवाय लिंक जाऊ नये.

पायरी ३: जे कमी आहे ते एकाच मेसेजमध्ये मागा

निम्म्याहून जास्त वेळ इथे वाया जातो. ‘कोड पाठव.’ दहा मिनिटांनी कोड येतो. ‘एरर काय?’ पुन्हा वाट. ‘कुठे चालवतोस?’ तोवर मुलगा एसटीत बसलेला असतो.

आपल्याकडची ही अडचण नीट समजून घ्या. लॅब चार-साडेचारला सुटते, गाडी पकडायची घाई असते, आणि प्रश्न विचारला जातो रात्री घरी पोहोचल्यावर, फोनवरून. कोड लॅबच्या मशिनमध्येच राहिलेला असतो. त्यामुळे पहिली सवय लॅब सुटायच्या आधीची लावायची: अडलेला प्रोग्राम स्वतःला मेल करायचा किंवा पेनड्राइव्हवर घ्यायचा. लॅबला नेट नसेल तर फोनवर फोटो काढायचा, पण दोन वेगळे फोटो: एक पूर्ण कोडचा, एक पूर्ण एररचा, समोरून, झूम न करता. हे वाक्य लॅबच्या दारावर कागदावर लावलेलं सगळ्यात उत्तम.

तुम्ही मागायचा मेसेज आधीच लिहून ठेवा. तो असा असू शकतो:

‘बघतो. चार गोष्टी एकदम पाठव. १) पूर्ण कोड, मजकूर म्हणून. २) एरर आला असेल तर तो पूर्ण, कापून नको. ३) तू काय इनपुट दिलंस, काय उत्तर यायला हवं होतं आणि काय आलं. ४) कशावर चालवतोस: लॅबचा टर्बो, घरचा लॅपटॉप की मोबाइलचं ॲप.’

‘बघतो’ हा शब्द गाळू नका. तो नसला तर पुढची यादी पोलीस चौकशीसारखी वाटते आणि बुजरी मुलं तिथूनच परत फिरतात.

व्हॉट्सॲपवर कोड आला की एक गोष्ट ध्यानात ठेवा. तारांकनांच्या आणि अंडरस्कोरच्या जोड्यांमधला मजकूर ते ठळक किंवा तिरपा करतं आणि ती चिन्हं दिसेनाशी होतात. सीमधल्या पॉइंटरचा तारा (*) गायब दिसला म्हणून मुलाला बोलण्याआधी खात्री करा की तो त्याच्या फाइलमध्येही नाही. कोडच्या आधी आणि नंतर तीन बॅकटिक (` हे चिन्ह) टाकायला शिकवा, किंवा फाइलच जोडायला सांगा.

> तपासणी: पायथनचा लांबलचक एरर असेल तर शेवटची ओळ आधी वाचा. सीच्या कंपायलरने वीस एरर दिले असतील तर पहिलाच वाचा, कारण एका विसरलेल्या अर्धविरामाने पुढचे कितीतरी एरर उठतात. मुलांना हा फरक कुणी सांगत नाही. सांगा.

पायरी ४: उत्तर लिहा

आता तयार पान बाहेर काढायचं. नुसती लिंक पाठवायची नाही. लिंकच्या आधी एक ओळ त्याच्या कोडवरची आणि लिंकच्या नंतर एक काम त्याने करायचं.

चुकीचं उत्तर: ‘पान ६ बघ.’

हेही चुकीचं: दुरुस्त केलेला अख्खा प्रोग्राम.

असं चालेल: ‘तुझ्या तिसऱ्या ओळीवर दर इनपुटने घेतलायस, म्हणजे तो मजकूर आहे. मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं, म्हणून ८००५०. पान ६ वर याचंच छोटं उदाहरण आहे. ते बघून तुझी तिसरी आणि चौथी ओळ बदल, चालव, आणि काय आलं ते सांग.’

हे लिहायला मिनिटभर लागतो. त्या मिनिटात मुलाला कळतं की आपला कोड कुणीतरी वाचला. पान ६ इतरांसाठी लिहिलेलं असलं तरी ते आपल्याला लागू पडतं, हा दुवा नवशिक्याला स्वतःहून जोडता येत नाही. अनुभवी माणसाला दोन प्रश्न सारखे दिसतात, कारण तो कारण पाहतो. नवा मुलगा शब्द आणि आकडे पाहतो. उदाहरणात विद्यार्थ्यांचे गुण आहेत आणि माझ्याकडे आंब्याची पेटी आहे, म्हणजे हे माझं नव्हे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं.

स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ २००८ पासून आहे. तिथे पुन्हा विचारलेला प्रश्न मूळ प्रश्नाशी जोडून बंद करतात, आणि बंद केलेला प्रश्नही बऱ्याचदा ठेवून देतात, कारण वेगळ्या शब्दांत शोधणारा त्यावरून मूळ उत्तरापर्यंत पोहोचतो. त्यातलं जोडून देणं जरूर उचला. बंद करणं नको. ती पद्धत जगभरातल्या शोधणाऱ्यांसाठी उत्तरांचा साठा नीट राहावा म्हणून आहे. तुमच्यासमोर उद्या सबमिशन असलेला एक ठरावीक मुलगा आहे, आणि परवा तो लॅबमध्ये तुम्हाला भेटणार आहे.

> सावधान: ‘सोपं आहे’, ‘एवढं पण येत नाही?’, ‘फक्त अमुक करायचं होतं’ हे शब्द उत्तरातून काढा. ज्याला अडलंय त्याला ते सोपं नाही.

अलीकडे मुलं चॅटजीपीटीने दिलेला कोड आणून ‘हा का चालत नाही’ विचारतात. रागावू नका. यातली कोणती ओळ तुला समजते आणि कुठपासून समजत नाही, एवढंच विचारा. बऱ्याचदा त्या कोडमध्ये अजून वर्गात न शिकवलेल्या गोष्टी असतात. मग तो दुरुस्त करण्यापेक्षा जेवढं शिकलंय तेवढ्यातून पुन्हा लिहायला बसवणं लवकर होतं.

पायरी ५: त्याच्या हातून होऊ द्या

कोड तुम्ही दुरुस्त करायचा नाही. लॅबमध्ये असाल तर माउस हातात घेऊ नका. मुलाच्या मागे उभे राहा आणि त्याला ओळ मोठ्याने वाचायला लावा. मालवणीत सांगितलं तरी चालेल, उलट बरं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याच्या शेजारी तुम्ही नसणार.

सबमिशन अगदी गळ्याशी आलं असेल तर काय? तर अडलेली एक ओळ सांगा, पूर्ण प्रोग्राम नाही, आणि त्याला दुसऱ्या दिवशी भेटायला सांगा. बरीच मुलं येतात.

पायरी ६: प्रश्न मिटला का, ते विचारा

उत्तर दिलं, मुलाने अंगठा दाखवला, विषय संपला असं धरू नका. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच असतो. ‘आता काय आउटपुट येतंय?’ असं विचारा. आकडा आला की मिटलं. मग त्यालाच सांगा: काय चुकलं होतं, एका ओळीत ग्रुपवर लिही. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली ती ओळ तुमच्या पानाच्या वरच्या भागात चिकटवा. पुढच्या मुलीला शोधताना तीच आधी सापडेल.

तोच मुलगा तोच प्रश्न तिसऱ्यांदा घेऊन आला तर तेच उत्तर मोठ्या आवाजात देण्यात अर्थ नाही. उत्तर त्याला पोहोचलेलं नाही. इनपुट मजकूर देतं हे तो वाचतो, पण मजकूर आणि संख्या यांतला फरकच त्याच्या डोक्यात बसलेला नसतो. दहा मिनिटं फोन करा किंवा लॅबमध्ये गाठा, आणि एक पायरी मागे जाऊन तिथून सुरू करा. ग्रुपवर सगळ्यांदेखत हे करू नका.

पायरी ७: एका संध्याकाळी पाच जणांनी विचारलं, तर उगम शोधा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि खरं काम इथेच आहे. एकाच आठवड्यात एकच प्रश्न पाच वेगळ्या मुलांकडून आला तर दोष मुलांचा नसतो. कुठेतरी एखादी सूचना चुकली आहे किंवा राहिली आहे.

उदाहरणार्थ, जर्नलमधला नमुना प्रोग्राम टर्बोसाठी लिहिलेला असतो. त्यात कोनिओ हेडर (टर्बोबरोबर येणारी फाइल जोडणारी ओळ) असतं, पडदा पुसायची सूचना असते. मूल घरी जीसीसी वापरतं आणि अशा ओळींवर अडतं. दरवर्षी प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा सरांना किंवा मॅडमना भेटून जर्नलमध्ये एक ओळ घालून घ्या: घरी जीसीसी असेल तर या दोन ओळी काढाव्यात. तसंच पायथन इन्स्टॉल करायच्या दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहून घ्या की इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर तळाशी असलेली पाथची खूण केल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि यूट्यूबवरचा जुना, पायथन २ चा धडा कुणी सुचवत असेल तर तो बदलायला सांगा. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यातली कंस नसलेली प्रिंट-ओळ पायथन ३ मध्ये चालतच नाही.

शिक्षकांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा: हा प्रश्न, इतक्या मुलांनी, या तारखांना. बहुतेक शिक्षकांपर्यंत हे प्रश्न पोहोचतच नाहीत, कारण मुलं त्यांना विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात.

> तपासणी: सूचना बदलल्यानंतरच्या बॅचमध्ये तो प्रश्न कमी झाला का? नसेल झाला, तर सूचना चुकीच्या जागी आहे. ती मूल जिथे अडतं नेमकी तिथे हवी, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नको.

पायरी ८: सोपवताना

तिसऱ्या वर्षातली मुलं पास होऊन मुंबईची गाडी पकडतात आणि गूगल डॉकची मालकी त्यांच्यासोबत जाते. मग चुकलेली ओळही कुणाला दुरुस्त करता येत नाही. एप्रिलमध्येच दुसऱ्या वर्षातल्या दोघांना, एकाला नको, बदल करायचा हक्क द्या आणि डॉकची मालकी कॉलेजमध्ये राहणाऱ्या कुणाच्या तरी नावावर करा. ग्रुपचे ॲडमिनही तेव्हाच बदला. नव्या दोघांना सगळी पानं एकदा चालवून बघायला लावा आणि जिथे ते अडतील ती पानं त्यांनाच पुन्हा लिहू द्या.